रुतली, टेकली की लटकली? एका जिप्सीच्या लॉकरचं प्रकरण

"मामा, पुढे-मागे दोन्ही लॉकर टाकून घेतो. तुम्ही फक्त आईसमोर मान हलवा."

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. रविवारची सकाळ, पोहे-जलेबी झालेली, आणि भाच्याच्या फोनवर कुठल्याशा परदेशी जीपचा व्हिडिओ चालू. जीपचं एक चाक हवेत, तरी ती दगडावरून मांजरीसारखी वर जात होती. ती किमया लॉकरची, म्हणजे एका धुऱ्याची दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणाऱ्या यंत्राची. मी पिथमपूरच्या एका कारखान्यात गिअर आणि अ‍ॅक्सलच्या जुळणीवर तीस वर्षं काढली. त्यामुळे घरात गाडीवरचा कुठलाही मोठा खर्च माझ्याकडून पास करून घ्यायची पद्धत आहे. माझं ऐकतात असं नाही. पण विचारतात.

मी मान हलवली नाही. त्याला शंभर पानी वही आणून दिली आणि म्हटलं, हा पावसाळा लिहून काढ, मग बोलू. ती वही आणि तिच्यावरून झालेला निर्णय, एवढंच हे प्रकरण आहे.

गाडी आणि रस्ता

गाडी २००३ ची जिप्सी किंग. १३०० सीसीचं, ८० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, दोन्हीकडे अखंड धुरा, चारी चाकांना पाटे, वजन टनाच्या आसपास. फोर-व्हील ड्राइव्हचा लिव्हर आणि लो गिअर आहे. डिफरन्शिअल, म्हणजे धुऱ्यातला दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा, मात्र दोन्हीकडे साधी, उघडी. कंपनीने या गाडीत लॉक कधी दिलाच नाही. मिलिटरी आणि जंगल सफारीवाले तशाच गाड्या वर्षानुवर्षं चालवत आले.

भाचा इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. सिमरोल-चोरलच्या पट्ट्यात त्याची थोडी शेती आहे, आणि तिथे त्याने सहा तंबू टाकून पाहुण्यांची सोय केली आहे. पावसाळ्यात पाताळपाणी, तिंछाचे धबधबे बघायला इंदूरची गर्दी लोटते, त्यातलेच काही जण याच्याकडे मुक्कामाला येतात. स्वतःच्या गाड्या डांबरी रस्त्याला लावतात आणि पुढचे साडेतीन किलोमीटर त्यांना जिप्सीतून न्यावं लागतं.

या साडेतीन किलोमीटरचे तीन तुकडे आहेत, आणि सगळं प्रकरण या तीन तुकड्यांवरच फिरतं. पहिला तुकडा सोयाबीनच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. माळव्याची काळी माती: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि दोन पाऊस पडले की साबण. दुसरा तुकडा म्हणजे नाला. पाणी गुडघाभर, तळाशी काळे गुळगुळीत दगड. तिसरा, जेमतेम तीनशे मीटरचा चढ, मुरूम आणि दगडांचा. पावसाच्या पाण्याने त्यात तिरक्या घळी पाडल्या आहेत. ही चढाची जमीन जंगल खात्याची, म्हणजे तिथे जेसीबी लावून घळी बुजवायची सोय नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नाहीतर या प्रकरणाचं पहिलं आणि सर्वांत स्वस्त उत्तर 'रस्ता नीट कर' हेच असतं.

वहीतले तीन शब्द

वहीत काय लिहायचं ते मी ठरवून दिलं. गाडी कुठे थांबली, कुठलं चाक फिरत होतं, कुठलं गप्प होतं, आणि कशी निघाली. 'फसली' हा शब्द वापरायचा नाही, अशी अट घातली. इंदूरच्या मराठीत सगळंच फसतं: गाडी फसते, पैसे फसतात, माणूस फसतो. जुन्या मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेसुद्धा नेमके आहेत.

रुतली, म्हणजे चिखलाने धरली. सगळीच चाकं फिरतात आणि गाडी तिथेच. टेकली, म्हणजे पोट किंवा डिफरन्शिअलचा गोळा दगडावर किंवा चाकोरीमधल्या उंचवट्यावर बसला. चाकांवरचं वजनच गेलं. लटकली, म्हणजे एक पुढचं आणि त्याच्या तिरपं मागचं चाक खड्ड्यावर अधांतरी. ती दोन चाकं पंख्यासारखी फिरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म उभी.

लॉकर हे फक्त तिसऱ्या दुखण्याचं औषध आहे.

कारण समजायला सराफ्यातला तराजू आठवा. उघडी डिफरन्शिअल म्हणजे दांडीचा तराजू. दोन्ही चाकांना ती नेहमी सारखाच जोर देते, वेग मात्र वेगवेगळा घेऊ देते. वळणावर तेच हवं असतं. पण एक चाक हवेत गेलं की त्याला फिरवायला जोरच लागत नाही. जेवढा जोर त्याला, तेवढाच दुसऱ्याला, म्हणजे जवळपास काहीच नाही. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये असे दोन तराजू, एक पुढे, एक मागे. तिरपी दोन चाकं हवेत गेली की दोन्ही तराजू रिकामे. म्हणून 'फोर बाय फोर' लिहिलेली गाडी तीनशे मीटरच्या चढावर म्हशीसारखी बसून राहते. लॉकर तराजूची दांडीच जाम करतो. मग दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, आणि ज्या चाकाखाली जमीन आहे त्याच्यामार्फत जोर जमिनीत उतरतो.

जूनच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत वहीत चौदा नोंदी झाल्या. जुलैच्या शेवटी आम्ही टायर बदलले, म्हणून आधीच्या नऊ आणि नंतरच्या पाच अशा त्या वेगळ्या वाचाव्या लागतात.

आधीच्या नऊपैकी पाच काळ्या मातीत. चार वेळा सरळ रुतली, एकदा चाकोरी खोल झाल्यामुळे टेकली. दोन नोंदी चढावरच्या. एक नाल्यात, मागचा गोळा दगडावर टेकला ती. आणि एक नोंद त्याच्याच गड्याच्या हातून, हिंदीत: "लीवर २एच में ही था।" म्हणजे गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्येच चालवली आणि ट्रॅक्टर बोलावला. ती नोंद वाचून भाचा चिडला. मला आवडली. कारण चौदातली एक अडचण फुकटात सुटणारी होती, आणि असली नोंद कोणी स्वतःहून करत नाही.

टायरनंतरच्या पाचपैकी काळ्या मातीत फक्त एक. तीन चढावर, एक पुन्हा नाल्यात.

आता इथे घाई करू नये. २०२३ चा ऑगस्ट आठवतो ना? देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. वाट वाळून खडखडीत झालेली. टायर बदलल्यामुळे रुतणं थांबलं असं भाचा ऑगस्टभर सांगत सुटला होता, आणि मी म्हणत होतो की श्रेय ढगांना दे. मग सप्टेंबरच्या मध्यात पावसाने इंदूरला असं झोडपलं की महिन्याभराची उधारी दोन दिवसांत फिटली. त्या आठवड्यात गाडी काळ्या मातीतून रोज गेली आणि एकदाच रुतली. तेव्हा मी मान्य केलं: टायरचं श्रेय टायरला.

चढावरच्या नोंदी दोनाच्या तीन का झाल्या? आधी ज्या दिवशी पाऊस मोठा, त्या दिवशी गाडी चढापर्यंत पोचतच नव्हती, खाली शेतातच बसत होती. टायरने खालची अडचण सोडवली आणि वरची उघडी पाडली.

चढावरच्या पाचपैकी एक नोंद चालवणाऱ्याची चूक होती: लो दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि मध्येच इंजिन बंद पडलं. उरलेल्या चार निखळ लटकण्याच्या. काळ्या मातीतली शेवटची नोंदही आमच्या कामाची: डावी चाकं बांधावरच्या गवतावर, उजवी चिखलात, आणि चिखलातलीच फिरत राहिली. नाल्यातली दुसरी नोंद संशयास्पद. एक चाक कपारीत होतं खरं, पण गोळाही टेकला होता असं गडी सांगतो. तर हिशेब असा: चौदापैकी पाच ठिकाणी लॉकरने नक्की काम केलं असतं, एका ठिकाणी कदाचित, आणि आठ ठिकाणी त्याने काडीचाही फरक पडला नसता.

चढावरच्या चारपैकी दोन वेळा भाचा स्वतःच निघाला, डाव्या पायाने हलका ब्रेक दाबून आणि उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर देऊन. ही जुनी युक्ती आहे. ब्रेकमुळे हवेतल्या चाकालाही फिरायला जोर लागतो, तराजूच्या रिकाम्या पारड्यात वजन पडतं आणि तेवढंच दुसऱ्या पारड्याला मिळतं. (जुन्या जीपवाल्यांनी याऐवजी हँडब्रेक ओढायला जाऊ नये. त्यांचा हँडब्रेक बहुधा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो, चाकांवर नाही. सगळंच जाम होतं.) युक्ती चालते, पण क्लच जळल्याचा वास पाहुण्यांच्या नाकापर्यंत जातो. उरलेल्या दोन वेळा पाहुणे उतरले, भर पावसात सामान डोक्यावर घेऊन चढले, आणि गड्याने लटकलेल्या चाकाखाली दगड रचले.

पाठीमागचा एक की दोन्ही?

भाच्याला दोन्हीकडे हवे होते. व्हिडिओतल्या जीपला दोन्हीकडे होते म्हणून. मी त्याला चढाचा कोन मोजायला लावला. फोनमध्येच आता त्याची सोय असते. सगळ्यात वाईट जागी पंधरा अंश.

पाहुण्यांसकट गाडी १२०० किलो धरू. पंधरा अंशांच्या चढावर ती वर ढकलायला सुमारे ३१० किलोचा रेटा लागतो. इंजिनाची चिंता नको. सगळी गिअर-गुणोत्तरं गुणली तर लो पहिल्या गिअरमध्ये चाकांपाशी ३००० न्यूटन-मीटरच्या वर पीळ येतो, म्हणजे जवळजवळ गाडीच्या वजनाएवढा रेटा. कमी पडते ती जमिनीची पकड.

गाडी तिरपी लटकली की मागचं सगळं वजन मागच्या एका चाकावर. चढावर वजन मागे सरकतं. जिप्सीची लांबी-उंची धरून माझा अंदाज ८० किलोचा. म्हणजे चढावर मागच्या वाट्याचा निम्मा भार ५८० आणि हे ८०, त्या एका चाकावर साधारण ६६० किलो. मुरमाची पकड वजनाच्या ०.६ पट धरली तर ते एकटं चाक ४०० किलोच्या आसपास रेटा देऊ शकतं. मुरूम ओला असला आणि ०.५ धरली, तरी ३३०. गरज ३१० ची. मागचा एक लॉकर पुरतो, थोडक्यात का होईना.

हाच चढ पंचवीस अंशांचा असता तर लागला असता ५०० च्या वर रेटा, आणि मागचं एक चाक कोरड्या मुरमावरही ४१० च्या पुढे गेलं नसतं. तिथे पुढचा लॉकरही हवाच. पण पंचवीस अंशांवर पाहुणे बसवून नेणाऱ्या माणसाला मी माझी बहीण भेटवेन, लॉकर नाही.

याच कागदावर चिखलाचं गणितही करून दाखवलं. ओल्या काळ्या मातीची पकड ०.२ धरा. चारी चाकं जमिनीवर, सगळी सारखीच घसरत आहेत. १२०० किलोच्या ०.२ पट, २४० किलो. उघड्या डिफरन्शिअलने २४०, दोन्ही लॉकर टाकून २४०. तराजू आधीच समतोल आहे. दांडी जाम करून काय मिळणार? तिथे ०.२ चं ०.३ करणारी वस्तू हवी. ती टायरच्या खोल नक्षीत असते, नाहीतर हवा २८ वरून १६-१८ पीएसआयवर आणण्यात. हवा काढायला पैसे पडत नाहीत, भरायला मात्र पंप जवळ लागतो, म्हणून लोक काढत नाहीत.

पुढच्या लॉकरविरुद्ध आणखी एक मुद्दा होता, आणि तो मिस्त्रीने माझ्याआधी मांडला. जिप्सीच्या पुढच्या धुऱ्यात, चाक वळतं त्या गुडघ्यात, सीव्ही जॉइंट असतो. या कुळातल्या सुझुकी गाड्यांचं ते जगजाहीर दुखणं आहे. स्टेअरिंग पूर्ण वळलेलं, पुढे लॉक लावलेला, आणि वर अ‍ॅक्सिलरेटर, की सगळा पीळ एकाच जॉइंटवर. "भिया, लॉकर नहीं टूटेगा, गोला टूटेगा," तो म्हणाला. त्याचा गोला म्हणजे हाच जॉइंट. शिवाय पुढे लॉक लागला की स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, आणि या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही.

टाकून दिलेले पर्याय

मिस्त्रीचा स्वतःचा तोडगा सगळ्यात स्वस्त होता: आतले छोटे बेव्हल गिअर वेल्ड करून टाकायचे. दोन तासांचं काम. शेतातच राहणाऱ्या गाडीला ते चालेलही. पण ही गाडी दर आठवड्याला इंदूरला येते. चाकांमधलं अंतर साधारण १.३ मीटर, नव्वद अंशांच्या एका वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा दोन मीटर जास्त चालतं. वेल्ड केलेल्या धुऱ्यात ते दोन मीटर टायर घासून नाहीतर एक्सल पिळवटूनच भरून निघणार. राजवाड्याच्या गल्ल्यांत अशी गाडी वळवताना आवाज ऐकवत नाही.

दुसरा पर्याय आपोआप चालणारा लॉकर. जुन्याच केसमध्ये, छोट्या गिअरच्या जागी बसतो, क्राऊन-पिनियनला, म्हणजे गोळ्यातल्या मुख्य मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीला, हात लावावा लागत नाही, किंमतही बरी. सरळ चालताना कायम जाम, वळणावर बाहेरचं चाक पुढे पळू लागलं की कटकट करत सुटतो. बिचारा वाईट नाही. पण वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर तो पुन्हा धरतो आणि गाडीचं ढुंगण हलतं. जिप्सी आखूड आणि हलकी, खंडवा रोड ओला, भेरूघाटाची वळणं, समोरून ट्रक. नको म्हटलं.

तिसरा: ही विकून कारखान्यातूनच सोय असलेली गाडी घेणे. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे चालवणाऱ्याच्या हातातले लॉक मिळतात. थारच्या काही आवृत्त्यांत मागे मेकॅनिकल लॉक येतो: दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की तो स्वतःच धरतो, आणि गाडी वेगात असली तर धरत नाही. जिम्नी तर त्याच जूनमध्ये बाजारात आली होती. तिच्यात लॉक नाही. फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, म्हणजे भाच्याच्या डाव्या पायाचंच काम, पण दमत नाही असं. सप्टेंबरात एक पाहुणा जिम्नी घेऊन आला आणि आमच्या चढावर गेला. चाक अर्धा फेरा रिकामं फिरे, कर्रकर्र आवाज येई, गाडी क्षणभर थबके आणि पुढे सरके. चढली. मी तीस वर्षं गिअर जुळवलेला माणूस, मला ते बघून थोडं वाईटच वाटलं. नवीन गाडी घ्यायची असती तर मी त्याला लॉकरचा विचारही करू दिला नसता. आधी ती ब्रेकवाली चालवून बघ म्हटलं असतं. पण गाडी बदलण्याचे पैसे नव्हते आणि जिप्सीवर जीव होता. प्रकरण अभ्यासात जीव हा रकाना नसतो, निर्णयात असतो.

विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचाही विषय निघाला. तो तिन्ही दुखण्यांवर चालतो, रुतणं, टेकणं, लटकणं, सगळ्यावर. पण बांधायला झाड हवं, दर वेळी वीस मिनिटं, आणि जंगल खात्याच्या सागाला रोज दोर बांधणं बरं दिसत नाही.

शेवटी ठरलं ते असं. शेतातल्या वाटेचा सर्वांत वाईट दोनशे फुटांचा पट्टा, जो शेजाऱ्याच्या आणि याच्याच मालकीचा आहे, तिथे मुरूम टाकायचा. चाकाखाली घालायच्या दोन फळ्या आणि पंप घ्यायचा. आणि फक्त मागे, हवेवर चालणारा, बटणाचा लॉकर: छोटा कॉम्प्रेसर हवा सोडतो, आतली रिंग सरकून गिअरला केसशी जखडते, बटण बंद केलं की स्प्रिंगने सुटते आणि डिफरन्शिअल पुन्हा साधी. वस्तू परदेशातून मागवावी लागली. सगळं मिळून खर्च टायरच्या सेटच्या तिपटीवर गेला. ताईने आकडा ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

बसवणं

हे काम २०२४ च्या जानेवारीत झालं, आणि यात पैसे देऊनही फसायला जागा आहे. जिप्सीची रचना सोयीची: मागच्या धुऱ्यातून दोन्ही एक्सल ओढले की अख्खा गोळा पुढून बाहेर येतो, टेबलावर घेऊन काम करता येतं. पण नवीन लॉकर म्हणजे नवीन केस, म्हणजे क्राऊन त्याच्यावर चढवून पिनियनशी पुन्हा जुळवणं. दातांमधली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात ठेवायची असते. ज्या गॅरेजमध्ये काम दिलं तिथे ती अंगठ्याने हलवून बघायची रीत होती. मी घरून डायल गेज नेला. दातांवर रंग लावून उमटलेला ठसा बघितला, दाताच्या टोकाकडे येत होता, शिम (फट जुळवायची पातळ चकती) बदलायला लावली. मिस्त्री माझ्यावर नाराज झाला, पण चहा पाजला. फट जास्त राहिली तर दात ठोकतात, कमी राहिली तर तापतात, आणि दोन्ही गोष्टी कळतात हजार किलोमीटरनंतर, गॅरेजची पावती हरवल्यावर.

हवेची नळी मात्र माझ्या नजरेतून सुटली. सायलेन्सरच्या फार जवळून नेली होती. एप्रिलमध्ये वितळली. बटणाचा दिवा लागे, लॉक लागत नसे. भाच्याने दोन आठवडे लॉकरला शिव्या घातल्या, दोष होता हातभर नळीचा.

दुसरा पावसाळा

२०२४ च्या पावसाळ्यात चार नोंदी. चढावर एकही नाही. जिथे पाहुणे उतरत होते तिथे आता घळीच्या दोन गाड्या आधी थांबून बटण दाबायचं, लो पहिल्यात, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम, आणि गाडी हळूच वर. हवेतलं चाक जमिनीवरच्याच चालीने फिरतं, तमाशा काहीच नाही. व्हिडिओ काढावा असं त्यात काही उरलं नाही, ही भाच्याची तक्रार.

चारपैकी तिसरी नोंद लॉकरमुळेच झाली. सप्टेंबरची संध्याकाळ, चढ संपल्यावर वाट कुशीने जाते तिथे, ओल्या पानांवर. बटण बंद करायचं राहिलं होतं. एका बाजूला उतार, खाली घळ. भाच्याने अ‍ॅक्सिलरेटर दिला, मागची दोन्ही चाकं एकदम सुटली आणि गाडीची मागची बाजू हातभर खाली सरकली. घळ अजून दोन हात होती. डिफरन्शिअल उघडी असती तर एकच चाक फिरलं असतं आणि दुसऱ्या, न फिरणाऱ्या चाकाने गाडीला बाजूने धरून ठेवलं असतं. फिरणाऱ्या चाकाला आडवी पकड राहत नाही, आणि लॉकमध्ये दोन्ही फिरतात. हे मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं, कारण मी सगळा वेळ चढाचं गणित करत बसलो होतो. आता डॅशबोर्डवर पट्टी चिकटवली आहे: आडव्या उतारावर लॉक बंद.

नाल्यात पुन्हा एकदा टेकली, त्यात लॉकरने काही केलं नाही, करणारही नव्हता. फळी आणि जॅकने निघाली. मुरूम टाकलेल्या वाटेवर एकदाही रुतली नाही. मुरमाचा खर्च लॉकरच्या खर्चापुढे किरकोळ होता, हे ताईने दोनदा बोलून दाखवलं.

पैशाच्या हिशेबात लॉकर वसूल झाला का? शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पाचशे रुपये आणि चहा घेतो. त्या दराने पंधरा-वीस पावसाळे लागतील. क्लच प्लेट वाचली ती धरली तरी दहा. पण पाहुणा एकदा भिजून चढला की पुढच्या वर्षी येत नाही, आणि तो आकडा वहीत नाही. मला विचाराल तर भाच्याच्या जागी, त्याच्या चढावर, मागचा एक लॉकर योग्य खर्च होता. हीच गाडी फक्त काळ्या मातीतून जात असती तर तो पैसा चिखलातच गेला असता.

भाच्याने आता नाल्यापलीकडची आणखी एक टेकडी बघून ठेवली आहे, तिथे वर दोन तंबू टाकायचे म्हणतो. कोन मोजून आणला: बावीस अंश. पुढचा लॉकर टाकू का, म्हणून विचारत होता. मी वही मागितली. चौथी, शेवटची नोंद गड्याच्या अक्षरात होती: "लीवर फिर २एच में था।"